खुणेचा पेला

"त्या पत्राला उत्तर टाकलंत का हो?"

बाइंडर पुस्तकांचे पुठ्ठे चिकटवायची लेई ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. बायकोने रोज विचारायचे आणि त्यांनी लेई ढवळत राहायचे, हे घरात इतके मुरले होते की एखाद्या दिवशी ती विचारायला विसरली असती तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखे वाटले असते.

पत्र पुस्तके दाबायच्या शिकंज्याच्या फळीखाली होते. आधी ते टेबलावर पडून होते, मग खिडकीत, मग कापडाच्या गुंडाळीवर; आणि एके दिवशी एका जाड पुस्तकाबरोबर चुकून शिकंज्यात दाबले गेले. बाहेर काढले तेव्हा ते इतके सपाट, इतके कोरेकरकरीत झाले होते की वाटावे, आत्ताच पोस्टमनने टाकले आहे. तेव्हापासून बाइंडरांनी ते तिथेच ठेवले.

"अहो, मी भिंतीशी बोलतेय का?"

"लिहितो," बाइंडर म्हणाले.

"कधी? स्वागताचा रविवार होऊन गेल्यावर?"

पत्र चर्चच्या मंडळीचे होते, अक्षर तिथल्या धर्मगुरूंचे, पाळकांचे. मजकूर बाइंडरांना पाठ झाला होता. 'प्रिय बंधू, आपली जागा रिकामी आहे आणि ती आम्हां सर्वांना टोचते. स्वागताच्या रविवारी बाहेरची बरीच माणसे येणार आहेत. त्या दिवशी आपण पुढे येऊन साक्ष द्यावी, अशी सर्वांची इच्छा आहे. आजारपणात मंडळीने आपल्याला कसे धरून ठेवले, हे आपल्या तोंडून ऐकले तर नव्या माणसांना धीर येईल. येत आहात, एवढे कळवावे.'

आपल्या तोंडून. हे दोन शब्द बाइंडरांनी पुनःपुन्हा वाचले होते. रागाने नव्हे. पाळक भला माणूस, त्याच्या लेखणीतून ते सहज उतरले असणार. पण डॉक्टरांनी बाइंडरांचा खालचा ओठ आणि जबड्याचा एक तुकडा काढून टाकला होता, आणि तेव्हापासून त्यांना एक गोष्ट कळली होती, जी एवढ्या पुस्तकांच्या संगतीत कधी लक्षात आली नव्हती. ज्या शब्दांवर त्यांचे आयुष्य उभे होते ते जवळजवळ सगळे ओठांनीच म्हणायचे होते. प्रभू. बाप. मंडळी. प्रेम. आता त्यातला एकही त्यांना धड म्हणता येत नव्हता. घरात बायकोला कळायचे, बाहेर कुणाला कळायचे नाही. ते मुळात कमी बोलणारे, म्हणून फार अडले नाही, इतकेच.

ते मंडळीत आले होते तेही न बोलताच. तरुण होते, नुकताच धंदा मांडला होता. गीतांच्या पुस्तकांचे एक बोचके दुरुस्त करून पोचवायला गेले, तर आत उपासना सुरू झालेली. बोचके कुठे ठेवावे कळेना, परत जावे तर दाराने आवाज केला असता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक म्हातारी सरकली आणि तिने बाकावर थोपटले. कोण, कुठला, काही विचारले नाही. उभे राहण्यापेक्षा बसणे कमी लाजेचे, म्हणून ते बसले. पुढे कुणी विचारले की ते सांगायचे, "बसायला जागा मिळाली म्हणून मी प्रभूकडे आलो." हा त्यांचा एकुलता एक विनोद होता. लोक हसायचे. बाइंडरांना मात्र अधूनमधून भीती वाटायची की हे अक्षरशः खरे असावे. पुस्तकांची पाठ शिवता शिवता ती वाचायची त्यांना सवय होती, आणि शिष्य कसा असतो हे त्यांनी पुष्कळ वाचले होते. त्यातले आपल्यात काय आहे, हे शोधायला बसले की जागेवर बसणे यापलीकडे काही हाती लागत नसे.

बायकोला असला प्रश्न कधी पडला नाही. ती मंडळीच्याच वसतिगृहात वाढलेली. आई-बाप माहीत नाहीत. मंडळीनेच तिला शिकवले, गायला लावले आणि मंडळीनेच एक दिवस तिचा हात या लाजाळू बाइंडरच्या हातात दिला. मूलबाळ झाले नाही. बायका आपल्या माहेराबद्दल बोलायला लागल्या की ती बिनदिक्कत म्हणायची, "माझं माहेर दर रविवारी नऊ वाजता उघडतं."

आणि माहेराने काही कमी केले नव्हते, हे बाइंडर कुणापुढेही सांगायला तयार होते. ते दवाखान्यात होते तेव्हा मंडळीतल्या माणसांनी पाळ्या लावून दिवसरात्र त्यांच्या खाटेशी बसून काढले. घरी डबे आले. चौकातले औषधांचे दुकान चालवणारे केमिस्ट मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंचांपैकी एक, होते. त्यांनी औषधे स्वतः आणून दिली. टाके निघून बाइंडर पहिल्यांदा उपासनेला गेले तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. बाइंडर रुमाल तोंडाशी धरून उभे. बायको रडत होती. त्या दिवशी त्यांना वाटले, आपण जागेवर बसलेलो नाही, आपल्याला धरून बसवले आहे.

मग प्रभुभोजन झाले.

त्या मंडळीत एकच पेला असे. माणसे वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकत, पाळक पेला एकेकाच्या ओठांशी नेत, आणि मागून केमिस्ट पांढऱ्या फडक्याने त्याची कड पुसत. एकदा पुसायचे, पेला जरा फिरवायचा, पुढच्या माणसाकडे. शेवटी पेल्यात जे उरेल ते टाकायचे नाही, अशी जुनी रीत होती. आशीर्वाद दिलेली गोष्ट मोरीत ओतायची नाही. ते पाळकांनी सगळ्यांसमोर प्यायचे.

बाइंडर नेहमीप्रमाणे ओळीच्या मधोमध टेकले होते. पेला त्यांच्या तोंडाला लागला, खालच्या बाजूने थोडा द्राक्षारस हनुवटीवर ओघळला, तो त्यांनी घाईने टिपला. केमिस्टांनी कड पुसली. पेला फिरवला. मग परत पुसली. बाइंडरांच्या शेजारच्या बाईने पेला आला तेव्हा ओठ मिटलेलेच ठेवले. तिच्या पुढच्याने तेच केले. ओळ संपली तेव्हा पेला जवळजवळ भरलेला होता. पाळकांनी तो दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, आणि लहान मुले कडू काढा पितात तसा एका दमात संपवला.

पुढच्या खेपेला केमिस्टांनी बाइंडरांना दंडाला धरून हळूच ओळीच्या टोकाला नेले. "इथे ऐसपैस बसा काका, तुम्हांला दाटी नको." बाइंडरांना ते बरोबरच वाटले. शेवटी बसले म्हणजे कुणाला ओठ मिटायला नको. फक्त पाळकच उरत होते. पाळक याही वेळी प्याले.

उपासना संपल्यावर बाइंडर दुरुस्त केलेली पुस्तके ठेवायला मागच्या खोलीत गेले. दार लोटलेले होते. आत पाळक चूळ भरत होते. एकदा, दोनदा, मग पुनःपुन्हा, घशापर्यंत पाणी नेऊन, खळखळून. बाइंडरांना आधी वाटले, बिचाऱ्याचा घसा धरलाय. मग त्यांनी पुस्तके दाराशीच ठेवली, आवाज न करता, आणि परत आले.

काही दिवसांनी केमिस्ट बाइंडरांच्या घरातल्याच दुकानात आले. हातात फाटक्या पुस्तकांची पिशवी होती, पण ते त्यासाठी आले नव्हते.

"काका, आनंदाची बातमी. मंडळीनं नवे पेले घेतले. काचेचे, चिमुकले. एका ट्रेमध्ये सगळे. प्रत्येकाला आपापला."

बाइंडर पुठ्ठा कापत होते. त्यांनी सुरी थांबवली.

"आरोग्याच्या दृष्टीनं," केमिस्ट म्हणाले. "सर्दी-पडसं आहे, साथी आहेत. तुमच्यामुळे नाही हं."

बाइंडरांनी तसे विचारलेच नव्हते. "डॉक्टर म्हणाले, हा रोग लागत नाही," ते म्हणाले. केमिस्टांना दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळले.

"मला माहीत नाही का काका? जन्म गेला औषधं विकण्यात. लागत नाहीच. पण लोकांच्या मनात बसलेल्या भीतीवर कुठल्या कंपनीनं गोळी काढलीय, सांगा. मी आजच मागवतो." आणि ते स्वतःच मोठ्याने हसले, कारण त्यांना बाइंडरांविषयी खरोखरच माया होती आणि हसल्याशिवाय ती दाखवायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हते.

नवे पेले आले त्या रविवारी पाळकांनी प्रेमावर सुंदर प्रवचन केले. ट्रे फिरला. बाइंडरांजवळ येताना केमिस्टांनी तो बेताने वळवला, इतका बेताने की वळवला हे केवळ कागद कापणाऱ्याच्या नजरेला दिसावे. एक पेला बरोबर बाइंडरांच्या पुढ्यात आला. त्यांनी तो घेतला, प्याले, आणि आजारपणापासूनच्या सवयीने रुमालाने पुसू लागले. बूड पुसताना तिथे लाल ठिपका दिसला. मोहरीएवढा. द्राक्षारसाचा थेंब असेल म्हणून त्यांनी नखाने खरवडला. तो निघेना. बाजूच्या पेल्यांची बुडे त्यांनी ट्रेच्या कडेने डोकावून पाहिली. स्वच्छ होती.

त्यानंतरच्या खेपेला पुन्हा तोच पेला, तोच ठिपका. बाइंडरांनी तो जागेवर ठेवला आणि पुढच्या रविवारी मान धरलीय म्हणून घरी राहिले. मग मान धरलेलीच राहिली.

बायकोला त्यांनी ठिपक्याचे सांगितले नाही. तिचे माहेर होते ते. माहेराच्या लोकांनी नवऱ्याचा पेला वेगळा काढला, हे बाईला कसे सांगायचे? आणि मनाच्या तळाशी आणखी एक अडचण होती. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता, ओठ गेलेला, लाळ टिपणारा, तर आपण त्याच्यामागून त्याच पेल्यातून प्यालो असतो का? हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारला. प्रामाणिक उत्तर येत नव्हते. हो म्हणावे तर चार पुस्तके वाचलेला माणूस बोलतोय असे वाटायचे.

आणि आता मान खरोखरच धरली होती. परवा डॉक्टरांनी मानेतली गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. घरी आल्यावर बायकोने गाद्या उन्हात टाकल्या, खिडक्या पुसल्या, आणि मग रोजच्यासारखे विचारले, पत्राला उत्तर टाकलंत का हो.

*

"आम्ही आलो तर चालेल का?" म्हणत पाळक आणि केमिस्ट आज दुपारी दारात उभे राहिले.

बायकोची धांदल उडाली. तिने स्टुलावरचे कागदाचे कपटे झटकले, पाळकांना बसवले, आत जाऊन चहा टाकला. पाळक वयाने त्यांच्या मुलासारखे. एवढ्याशा स्टुलावर, शिकंजा आणि पुठ्ठ्यांच्या चळतीमध्ये ते अवघडून बसले होते. केमिस्ट उभेच राहिले. त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या.

"वहिनी, डॉक्टरांनी लिहून दिलेली नवी औषधं. ही सकाळची, ही रात्रीची. दिसायला जुळी भावंडं आहेत, गोंधळ करू नका हं."

"नाही होत माझा गोंधळ," बायको आतून म्हणाली. "माझी युक्ती आहे."

चहा आला. पाहुण्यांना चांगले कप-बश्या, बाइंडरांना त्यांचा स्टीलचा मग. ऑपरेशनपासून हाच मग होता. बाइंडरांनी एका हाताने मग आणि दुसऱ्या हाताने हनुवटीखाली रुमाल धरला. पाळकांनी खिडकीबाहेर पाहिले.

"काका," पाळक म्हणाले, "साक्ष मोठी नको. चार वाक्यं बोला. काकू शेजारी उभ्या राहतील, तुम्ही काय म्हणालात ते त्या लोकांना सांगतील."

"नाही बोललात तरी हरकत नाही," केमिस्ट म्हणाले. "नुसते उभे राहिलात तरी पुरे. लोकांना दिसेल ना."

पाळकांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे, आपली मंडळी सगळ्यांना सामावून घेते, हे दिसेल," केमिस्ट म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"ते येतील," बायको म्हणाली. "मी आणते त्यांना."

केमिस्टांचा फोन वाजला, ते बोलत रस्त्यावर गेले. बायको कप घेऊन आत गेली. पाळकांनी स्टूल जरा पुढे ओढले.

"काका, तुमच्या मनात काही आहे का? असेल तर मला सांगा. मी लहान आहे तुमच्यापेक्षा, पण सांगा."

बाइंडरांनी टेबलावरच्या पुस्तकाची पाठ चाचपली. मग सावकाश, शक्य तेवढे नीट बोलले, "तुमचा घसा बरा आहे ना आता?"

"घसा? माझ्या घशाला काय झालंय?" पाळक म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. खाली, लेईच्या डब्याकडे पाहत ते म्हणाले, "मी प्यालो होतो काका. दोन्ही वेळा प्यालो."

"हो. पाहिलं मी."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही प्यालात. बाकी कुणी नाही प्यालं."

बाइंडर खरे तर पाळकांना धीर देऊ पाहत होते. पण पाळकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी एकदम बाइंडरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला. तो हात मघाशी तोंडाशी होता; रुमालाखाली तो ओलसर झालेला होता. पाळकांनी तो तसाच धरून ठेवला, मग सोडला, आणि आपले हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसून राहिले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हते. बाइंडरांनी टेबलावरचे कोरे फडके त्यांच्यापुढे केले.

"लेई लागली असेल," ते म्हणाले.

पाळकांनी हात पुसले. एकेक बोट वेगळे करून, पुष्कळ वेळ पुसले.

*

ते दोघे गेल्यावर बायको नव्या बाटल्या घेऊन खिडकीशी बसली. तिला बारीक अक्षर वाचता येत नसे. तिने शिवणाच्या डब्यातून एक छोटी बाटली काढली, झाकण फिरवले, आणि झाकणाला जोडलेल्या इवल्या ब्रशने रात्रीच्या औषधाच्या झाकणावर एक ठिपका दिला. नखांना लावायचा लाल रंग. बायकोने आयुष्यात कधी नखे रंगवली नव्हती. ठिपका देऊन ती ब्रश उचलायची तेव्हा तो किंचित उजवीकडे ओढला जायचा, आणि ठिपक्याला केसाएवढे शेपूट फुटायचे.

बाइंडर पाहत राहिले. औषधांच्या खोक्यात असे ठिपके किती दिवस होते. रोज रात्री ते याच ठिपक्याचे झाकण उघडत होते. पुठ्ठ्यात एक केस अडकला तरी ज्यांच्या बोटांना कळायचे, त्यांना हे शेपूट ओळखता आले नव्हते.

"पेल्याखाली," ते म्हणाले. "तो ठिपका. तुझा?"

बायको झाकणावर फुंकर घालत होती. तिची फुंकर थांबली. मग तिने उरलेली फुंकर घातली, झाकण वाळले की नाही ते बोटाने पाहिले आणि बाटली खोक्यात ठेवली.

"हो. माझाच."

बाइंडर तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

"असं बघू नका माझ्याकडे. काय करायचं होतं मी? तुम्ही पुरुष कठड्यापुढचं बघता. मागं पेले धुवायला बायकांच्या पाळ्या असतात. नवे पेले वापरात यायच्या आधीच एकेक बाई पाळीतून नाव काढून घ्यायला लागली. कुणाची कंबर दुखते, कुणाकडे पाहुणे येतात. शेवटी केमिस्टांची बायको म्हणाली, 'तुझ्या नवऱ्याचा तू वेगळा धू, म्हणजे मिटलं.' बरं, धुते. पण सगळे पेले सारखे. ओळखायचा कसा? तर ती म्हणाली, मी करते खूण." बायकोचा आवाज चढला, डोळे वाहू लागले. "तिनं केलेली मला नाही चालली. माझ्या नवऱ्याचा पेला आणि खूण तिच्या हातची? मी म्हटलं, रंग मी आणीन. खूण मी करीन. धुवीन पण मीच."

"मला सांगायचंस."

"सांगून? तुम्ही यायचं बंद केलं असतं."

ते तर त्यांनी न सांगताच केले होते. दोघांनाही ते एकदमच सुचले असावे, कारण बायको रडता रडता कडवट हसली.

बाइंडरांची नजर टेबलावरच्या स्टीलच्या मगावर गेली. लग्नापासून ऑपरेशनपर्यंत दोघांचा चहा एकाच कप-बशीत होत असे. कप त्यांना, बशी तिला. "गरम सोसत नाही मला," म्हणून ती बशीत घ्यायची आणि शेवटचा घोट त्यांच्या कपातून ओढून न्यायची. ऑपरेशननंतर हा मग आला. जड आहे, हातातून निसटत नाही, कड जाड आहे, ओठाला सोपी पडते, असे त्यांचे त्यांनीच ठरवले होते. तिला कधी विचारले नव्हते.

तिने त्यांची नजर पाहिली.

"स्टीलचा पडला तरी फुटत नाही," ती म्हणाली.

"हं."

"फुटत नाही म्हणून आणला." आणि मग एकाएकी, कुणी ढकलल्यासारखी बोलली, "मला भीती वाटते हो. वाटते. काय करू?"

"डॉक्टर म्हणाले, लागत नाही."

"डॉक्टर काय, रोज तुमच्या शेजारी झोपायला येतो? तुमची उशी तो धुतो?" ती उठली, पुन्हा बसली. "मला कळतं सगळं. लागत नाही हेही कळतं. पण हात आपोआप मगाकडे जातो. मी पण त्या बायांसारखीच आहे. तुम्हांला वाटत होतं मी वेगळी आहे, नाही?"

बाइंडरांना खरोखरच तसे वाटत होते. ते म्हणाले, "नाही गं."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल घसरली, शिव्या ऐकू आल्या, हसणे ऐकू आले. बायकोने पदराने तोंड पुसले आणि अगदी हलक्या, हिशोबी आवाजात बोलायला लागली. तो आवाज मघाच्या रडण्यापेक्षा ऐकायला कठीण होता.

"एक सांगू? रागावू नका. तुम्ही गेल्यावर मी कुठं जाऊ? ना मूल, ना भाऊ. मला त्या दाराशिवाय दुसरं दार माहीत नाही. तुम्ही यायचे थांबलात तशी बाकावर माझ्या शेजारची जागा सुटायला लागलीय. आधी एका माणसाची सुटायची. आता दोघांची सुटते. कुणी काही बोलत नाही. सगळे हसतात, हात दाखवतात. पण सुटते. तुम्ही रुसून गेलात तर रुसलेल्या माणसाची बायको म्हणून राहीन मी तिथं. एकदा या. उभे राहा. त्यांना वाटू दे सगळं नीट झालं. मग मला जागा राहील."

बाइंडरांनी लेईचा डबा झाकला. हात धुतले. शिकंज्याचा दांडा फिरवून फळी वर घेतली, पत्र बाहेर काढले आणि ते समोर ठेवून कोरा कागद ओढला. लिहायला लागल्यावर मात्र ते थांबले नाहीत.

'प्रिय पाळकसाहेब, आपले पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी. स्वागताच्या रविवारी येतो. पुढे येऊन उभा राहीन. बोलणार नाही. त्यानंतरही जमेल तोवर दर प्रभुभोजनास येईन आणि ओळीच्या शेवटी बसेन. माझ्या पेल्याखाली लाल खूण आहे. धुऊन धुऊन ती पुसट झाली असेल. ती नव्याने करून घ्यावी, म्हणजे कुणाच्या मनात भीती राहणार नाही. मी गेल्यावर तो पेला फेकून द्यावा, इतरांत मिसळू नये. माझ्या बायकोला मात्र मिसळून घ्यावे. ती तुमचीच आहे. आपला नम्र.'

त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला. ठळक अक्षर तिला वाचता येई. तिने बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. वाचून झाल्यावर कागदाकडे पाहत बसली. मग शिवणाच्या डब्यातली ती लाल बाटली उचलून तिने कानाशी हलवून पाहिली, उजेडात धरली.

"आहे अजून," ती म्हणाली. "पुरेल."

आणि चहा टाकायला आत गेली. चहा आला तो मगातच. रोजच्यापेक्षा जास्त भरलेला होता, आणि साखर दुप्पट होती.

पाकीट आणि तिकीट बाइंडरांनी लेईनेच चिकटवले. ओठ धड होता तेव्हाही त्यांनी तिकिटाला कधी जीभ लावली नव्हती. हाताशी लेई असताना कशाला. कागदाची घडी घालायच्या पट्टीने कडा दाबल्या, सुकू दिले, आणि ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. तिथे एक बाई हातातली पत्रे टाकण्यासाठी थांबली होती. बाइंडरांकडे पाहून ती दोन पावले मागे सरली, हसली आणि म्हणाली, "आधी तुम्ही टाका, आजोबा."

बाइंडरांनी पाकीट आत सोडले. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. मग खिशातून रुमाल काढून पेटीच्या तोंडाची कड त्यांनी पुसली, रुमाल उलटून परत एकदा पुसली, आणि बाईला वाट करून देत बाजूला झाले.